डायमंडचा एकही वेल निघणार नाही

पुल्टनी, ९ मार्च १९८०

मेरिट,

काल तू टेबलावर ठेवून गेलास तो कागद मी चुलीत घातला. दुसरा पाठवायची तसदी घेऊ नकोस. चुलीला सरपण भरपूर आहे, छाटणीच्या काड्यांचा ढीग अजून अंगणात पडलाय.

फोन करणार नाही. फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस, मग फोन वर्नाच्या हातात देतोस, आणि ती बिचारी हवापाण्याचं बोलत बसते. तुझ्या बायकोशी माझं काही भांडण नाही. म्हणून लिहिते आहे. पत्राला 'हं' म्हणता येत नाही.

मोठ्या वायनरीचा निरोप घेऊन आलास, इथवर ठीक होतं. यंदापासून आपल्या द्राक्षांतला डायमंड घेणार नाहीत, डेलावेअर घेणार नाहीत, कॅटॉबाचं नावही काढायचं नाही. त्यांच्या तळघरात तू उभा जन्म काढलास, तेव्हा निरोप तुझ्याच हाती पाठवणार. पण ज्या खिशातून निरोप काढलास त्याच खिशातून संमतीचा कागद काढलास, 'घरामागची डायमंडची बाग उपटण्यास माझी हरकत नाही', खाली माझं नाव टाइप करून तयार! माझं नाव टाइप करायला तुला कोणी सांगितलं?

वडिलांनी ही बाग आपल्या दोघा भावंडांच्या नावे केली ती याचसाठी, की एकाचं डोकं फिरलं तर दुसऱ्याची सही लागावी. कोणाचं फिरेल हे त्यांना बहुतेक ठाऊक होतं.

तू म्हणालास, "ऑर्फी, जगाला आपली द्राक्षं नको आहेत. त्यांना कोल्ह्याचा वास येतो."

येतो तर येतो, देशी द्राक्षाचा तो रानटी, उग्र वास. आजोबांनी हे वेल लावले तेव्हाही येत होता. दारूबंदी आली तेव्हा वाइन गेली, वायनरीला कुलूप लागलं, तरी त्यांनी डायमंड टोपल्यांत भरून, खायचं द्राक्ष म्हणून आगगाडीने पाठवला, पण उपटला नाही. आणि तुझी ती लाडकी रीस्लिंग? तिला इथे स्वतःच्या पायावर उभंसुद्धा राहता येत नाही. मातीतला किडा तिची मुळं खाऊन टाकतो. म्हणून खाली आपल्या ओढ्याकाठच्या रानवेलाचा खुंट आणि वर युरोपचं कलम. पाय आमचे आणि तोरा तिचा! डायमंड आपल्याच मुळांवर उभा आहे. तू त्याला ट्रॅक्टरची साखळी लावायला निघालास.

ती साखळी काल तुझ्या ट्रकमध्ये होती. मी पाहिली. त्याच साखळीने तू तळ्यापलीकडे ब्लफच्या उतारावरचा आपला कॅटॉबा उपटून तिथे रीस्लिंग लावलीस. मुळं तुटल्याचा आवाज तळं ओलांडून माझ्या अंगणात येत होता. तेव्हा गप्प बसले, कारण ब्लफचा तुकडा तुझा एकट्याचा. हा नाही.

आता पैजेचं. रागात बोललो म्हणून विसरून जाशील, म्हणून लिहून ठेवते. तू म्हणालास, "मग काय करणार या द्राक्षांचं? पाखरांना घालणार?" मी म्हणाले, वाइन करणार. आता तसा कायदा झालाय, लहान बागायतदारालाही स्वतःची करून विकता येते. तू हसलास. "तुला द्राक्षं वाढवता येतात, ऑर्फी. वाइनला जीभ लागते." मी म्हणाले, मग तुझ्याच जिभेला विचारू.

तर तीन हंगाम. मी डायमंडची पांढरी वाइन करून तुला पाठवायची. तीन हंगामांत एकदा जरी तू जेवताना बाटली संपवलीस, तोंड वाकडं न करता, तर मी जिंकले. मग ती साखळी तू आपल्या हाताने तळ्याच्या तळाशी टाकायचीस आणि या बागेबद्दल पुन्हा अवाक्षर काढायचं नाहीस. नाहीतर मी सही करीन. न्यायाधीश तूच. तू थापा मारशील, पण तुझी जीभ कधी थाप मारत नाही, एवढं मला माहीत आहे.

आणखी एक. तोडणीला एका ओळीला दोन माणसं लागतात, एक या बाजूने, एक त्या बाजूने. लहानपणापासून डावी बाजू तुझी, उजवी माझी. पानांच्या आडून तू मला काय काय सांगितलंस! तोंड दिसत नाही म्हणून सांगता येतं, असं तूच म्हणायचास. यंदा डाव्या बाजूला दुसरं कोणी बघते.

ऑर्फा

२ ऑक्टोबर १९८०

मेरिट,

डायमंड पिंपांत आहे. खदखदतोय. तळघरात गेलं की गालाला थंड वाफ लागते. सगळं झकास चाललंय.

टपालवाला ड्यूई तुझ्याकडे जाऊन काय बोलेल त्यावर विश्वास ठेवू नकोस. तोडणी वेळेवर झाली. म्हणजे चर्चच्या बायका शनिवारी मोकळ्या होत्या, म्हणून शनिवारी झाली. आठवड्याच्या मध्येच का नाही केली, असं विचारायला तू इथे नव्हतास. मी तेव्हा मणी खाऊन पाहिला होता. मला कच्चा वाटला.

वडील एक मणी चावायचे, साल थुंकायचे आणि नुसतं "उद्या" म्हणायचे. अजून थोडी गोडी भरू दे म्हणून थांबलं की वास फुगतो आणि कोल्हा आत शिरतो. घाई केली की पाणी. मधला तो एक दिवस त्यांना जिभेवर कळायचा. मला त्यांनी पानं ओळखायला शिकवलं, काडी बांधायला शिकवलं. जीभ मात्र तुला दिली. दोघांना अर्धी अर्धी द्यायला काय झालं होतं कोण जाणे.

डाव्या बाजूला मिसेस टटल होती. अखंड पित्ताशयाबद्दल बोलत होती.

ऑर्फा

२८ डिसेंबर १९८०

मेरिट,

नाताळच्या दिवशी पारा खाली गेला तो अजून वर यायला तयार नाही. तळ्यातून वाफा निघताहेत. दुपारी बागेत उभी होते तर लाकूड चिरल्यासारखा आवाज आला, मग दुसरा. खोडं तडकताहेत.

डायमंडच्या काड्या घरात आणल्या आणि त्यांवरचे कोंबांचे डोळे ब्लेडने कापून पाहिले. काही काळे निघाले, बहुतेक हिरवे. वेल म्हातारे झालेत, पण अशी थंडी त्यांनी बघितलेली आहे.

तुझे मी विचारत नाही. कलमांवर मातीची भर घातली होतीस ना? उंच घातली होतीस? वर्नाला म्हणावं, मी फोन केला तर एवढंच सांग.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. बरं, मघाशी लिहायला बसले तेव्हा थोडा टोमणा होता. आता नाही.

ऑर्फा

१७ मे १९८१

मेरिट,

बाटली परत पोचली. एक घोट कमी आहे.

ड्यूईला अंगणात उभा करून विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही. घोट घेतला, खिडकीबाहेर बघितलं, बूच लावलं."

"तोंड वाकडं केलं?"

"मी टपाल वाटतो, ऑर्फाबाई. लोकांची तोंडं बघत नाही." मग गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाला, "थोडं केलं."

तीच बाटली मी काल रात्रीच्या जेवणाला घेऊन बसले. त्यात कोल्हा नाही. असलाच तर एखादं पिल्लू. तेही कोपऱ्यात गप्प बसलेलं आहे, कुणाला चावत नाही. बफेलोहून आलेल्या एका जोडप्याने अंगणात उभं राहून दोन पेले घेतले आणि बायको म्हणाली, लहानपणी आजीच्या द्राक्षाच्या मांडवाखाली असाच वास यायचा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या रीस्लिंगने कुणाला रडवलंय का कधी?

तुझ्या रीस्लिंगचं नाव निघालंच तर. तुझा उतार माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. तळ्याभोवती सगळं हिरवं झालंय, तुझा उतार तेवढा करडा आहे. वर्ना म्हणाली, तू सकाळी ओळींतून फिरतोस, खोडं नखाने खरवडून बघतोस आणि न जेवता झोपतोस. मला वाईट वाटलं. तुझ्या हाताने लावलेली झाडं ती, तुझी मेहनत काही खोटी नव्हती.

वाईट वाटलं म्हणून सही करीन असं मात्र समजू नकोस. अजून दोन हंगाम आहेत.

ऑर्फा

२३ ऑगस्ट १९८१

मेरिट,

आज ब्रँचपोर्टवरून वळसा घालून तुमच्याकडे आले होते, वर्नाला घेवड्याचं लोणचं द्यायला. तू गावात गेला होतास. गेला होतास म्हणूनच आले, हे तुला कळलंच असेल.

परतताना तुझ्या उतारावर थांबले. आता मी जे लिहिते ते नीट वाच आणि कागद चुलीत घालू नकोस. चुलीत घालायचा हक्क माझा आहे.

मेलेल्या प्रत्येक खोडाच्या बुडातून नवा फुटवा आलाय. तू एकेक फुटवा वर चढवून तारेला बांधलायस. दोरीने नाही, वाळुंजाच्या ओल्या काडीने, वडिलांच्या गाठीने. एवढी सुंदर बांधणी तू आयुष्यात केली नव्हतीस. ओळीच्या एका टोकाला उभी राहून मी एकेक गाठ बघत होते.

मेरिट, ती रीस्लिंग नाही.

रीस्लिंग वर होती, ती नाताळात गेली. खालचा खुंट जिवंत राहिला. फुटवा आला तो मातीच्या भरीखालून, म्हणून तो कलमाच्या वरून फुटला की खालून ते तुला दिसलं नाही, आणि तुला दिसायला नकोही होतं. पान बघ. पातळ आहे, चकचकीत आहे, कडेचे दात लांब आणि टोकदार. रीस्लिंगचं पान असं असतं का? हा ओढ्याकाठचा रानवेल आहे. दोन वर्षं तू त्याला पाणी घालशील, लाड करशील, आणि हाती काय येईल?

आता उपट. आता उपटलंस तर पुढच्या वसंतात नवीन काहीतरी लावता येईल. काय लावायचं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर मुद्दाम लावणार नाहीस.

हे जिंकण्यासाठी लिहिलेलं नाही. पानं मला कळतात, तुला कळत नाहीत, एवढंच आहे.

ऑर्फा

११ ऑक्टोबर १९८१

मेरिट,

ड्यूईबरोबर पाठवलेला तुझा निरोप मिळाला. "तिला म्हणावं, आपल्या बाजूचं तळं बघ."

बघते आहे. तळं एकच आहे.

यंदा तोडणीच्या तोंडावर पाऊस लागला आणि डायमंडचे मणी फुटले. गांधीलमाश्यांचा सुकाळ झाला. हाती लागलं तेवढं पिळलं. या वर्षी बाटली पाठवत नाही. व्हिनेगर हवं असेल तर कळव.

हसू नकोस. एक हंगाम उरलाय आणि मी अजून उभी आहे. कालच गावात बँकेतल्या एका माणसाने विचारलं, "ऑर्फाबाई, या वयात कशाला हा हट्ट?" मी म्हटलं, या वयात नाही करायचा तर कधी करायचा? तरुणपणी वेळ कुठे होता!

ऑर्फा

६ जून १९८२

मेरिट,

सकाळी कपडे वाळत घालत होते. वारा तुझ्या बाजूने होता. चादर तारेवर टाकायला घेतली आणि हात तसेच वर राहिले.

तो वास.

तुला आठवतो. शाळा सुटायच्या दिवसांत आपण ओढ्याच्या घळीत उतरायचो आणि नाकाने शोधायचो, कुठे आहे, कुठे आहे, तो उंच झाडावर चढलेला रानवेल. तू नेहमी आधी शोधायचास. फुलं काय ती, हिरवी धूळ नुसती, पण असा गोड वास की आई म्हणायची, बाटलीत भरता आला असता तर. मग शरदात आपण टोपली घेऊन त्याच झाडाखाली जायचो आणि एकही घड नसायचा. ते नर वेल. फुलायचं आणि मोकळं व्हायचं.

आज तुझा अख्खा उतार त्याच फुलांनी फुललाय. आपला डायमंड अजून मिटलेला आहे, कोणाचीच बाग फुललेली नाही, फक्त तुझी. तळ्याच्या अलीकडे मला तो वास आला तर पलीकडे तुला काय झालं असेल! तुझं नाक चुकत नाही. तू पोर्चच्या पायरीवर बसला असशील आणि वर्ना आतून विचारत असेल, काय रे, कॉफी गार झाली.

गेल्या ऑगस्टपासून मी या दिवसाची वाट बघत होते. खरं सांगते. एक वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं, फार झोंबलं असतं ते. लिहीत नाही. चादर हातात घेऊन मी तिथेच खाली बसले आणि रडले, आणि मग रडले म्हणून माझाच मला राग आला.

ही दया नव्हे. दया करायची असती तर सही केली असती. पैज पैजेच्या जागी आहे. शेवटचा हंगाम आहे आणि मी तुला हरवणार आहे.

पण जेव.

ऑर्फा

१२ सप्टेंबर १९८२

मेरिट,

कालचं आणि आजचं सगळं तुला माहीत आहे, तू तिथेच होतास. तरी लिहून ठेवते, कारण पुढे तू म्हणशील ऑर्फीने बोलावलं होतं. मी बोलावलं नव्हतं.

काल सकाळी मी ट्रे ओळींच्या तोंडाशी लावून ठेवले होते. बायका दहाला यायच्या होत्या. मी पहिल्याच ओळीत उजव्या बाजूला मणी चाखत होते आणि खरं म्हणजे मला काहीच कळत नव्हतं. आज वाटत होता, उद्याही वाटत होता. तेवढ्यात पलीकडे पानं हलली. मी द्राक्षं खायला आलेला रॅकून समजून "हड्!" म्हणाले.

"हड् काय? मी आहे."

पानांतून तुझा हात आत आला, एक मणी खुडून गेला. तू चावलास. साल थुंकलास. थुंकायची तऱ्हा हुबेहूब वडिलांची.

"आज नाही."

"मग कधी?"

"उद्या. दुपारच्या आत सगळं."

"आज बायका येणार आहेत."

"परत पाठव."

"तू कोण मला सांगणारा?"

"डावी बाजू," तू म्हणालास.

मी तुझं ऐकलं, हातातला ट्रे पालथा घातला. असं फार वेळा होत नाही, लक्षात ठेव.

मग तू म्हणालास, "त्या पहिल्या वर्षी उशीर केलास तू."

"मुळीच नाही."

"ऑर्फी."

"थोडा."

"तळघरात आणल्यावर लगेच पिळ. सालीबरोबर ठेवू नकोस. सगळा वास सालीत असतो."

"हे सांगायला वळसा घालून आलास? आजच तोडणार हे तुला कळलं कसं?"

"दुर्बीण आहे माझ्याकडे. ट्रे दिसले."

म्हणजे मी एकटीच खिडकीतून बघत नव्हते तर.

मी म्हणाले, "मूर्ख आहेस. अशाने तू हरशील."

पलीकडे तू आणखी एक मणी खुडलास. मग म्हणालास, "हरलो तर हरलो. वाईट वाइन प्यायला लागण्यापेक्षा बरं."

आज सकाळी ट्रकचा आवाज आला तेव्हा मी मिसेस टटलला दुसऱ्या ओळीत पाठवलं. दुपारपर्यंत आपण समोरासमोर तोडत होतो. लहानपणीसारखं पानांच्या आडून तू काही सांगशील असं मला वाटत होतं. सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या घडाशी दोघांचेही हात एकदम गेले, तो तू सोडून दिलास.

मदत केलीस म्हणून पैज सुटली असं समजू नकोस. घोट मोजून घेईन.

ऑर्फा

६ मार्च १९८३

मेरिट,

यंदा बाटली ड्यूईबरोबर पाठवणार नाही. बूच लावून परत पाठवायचा तुझा तो उद्योग पुरे झाला. न्याय द्यायचाय तर टेबलावर येऊन दे, माझ्यासमोर.

गेल्या पानगळीत तू त्याच साखळीने स्वतःचा उतार मोकळा केलास. मी दुर्बिणीशिवाय पाहिलं. एकट्याने करायला नको होतंस.

वर्नाला पाठीचं दुखणं आहे, तिला वळशाच्या रस्त्याने आणू नकोस. तू ये. बांधणीच्या दिवसांत ये, म्हणजे आलास तसा कामालाही येशील. खायला तुझ्या आवडीचं करीन, पण ते लाच म्हणून नव्हे. मी लाच देत नसते आणि तुझी जीभ ती घेत नाही.

आला नाहीस तर बाटली मीच पिईन आणि गावभर सांगेन की तू घाबरलास.

ऑर्फा

२४ एप्रिल १९८३, स्वयंपाकघराच्या टेबलावर

मेरिट,

तू वडिलांच्या खुर्चीत घोरतोयस. तोंड उघडं आहे. उठवावंसं वाटलं नाही, म्हणून हे मिठाच्या बरणीला टेकवून ठेवते आहे. एकाच घरात बसून पत्र लिहायची वेळ आली, पण आपल्याला सवय हीच लागलीय.

बाटली रिकामी आहे. आता उठून 'ऑर्फी, निम्मी तूच प्यायलीस' म्हणू नकोस. मी एकच पेला घेतला, तोही मासे तव्यावर असताना. बाकीची तू घेतलीस. पहिला घोट घेऊन तू खिडकीबाहेर बघितलंस तेव्हा मला ड्यूईने सांगितलेलं आठवलं. पण तू बूच शोधलं नाहीस. दुसरा घोट घेतलास. मग ट्राउट संपला, खारे बटाटे संपले, आणि तुझा पेला पुन्हा पुन्हा भरत होता. शेवटी बाटली उलटी करून थेंब झटकलास. मी पाठमोरी भांडी विसळत होते, तुला वाटलं बघत नाही. खिडकीच्या काचेत सगळं दिसत होतं.

वाइनबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. "माशाला मीठ कमी पडलं," एवढंच म्हणालास. माझा निकाल मला मिळाला.

मी जिंकले. हे मी लिहून ठेवते आहे, तू मान्य कर अगर करू नकोस. कोल्हा त्यात आहे. मलाही लागला. शेपटीचं टोक तेवढं, अगदी शेवटी. तू तो गिळलास आणि तोंड वाकडं केलं नाहीस. तो घालवायचाही नाही मला. तो नसता तर ती आपली वाइन राहिली नसती, कुणाचीही झाली असती. या घरामागचा एकही वेल निघणार नाही, तू असेतो नाही, मी असेतो नाही. नंतर कोणी आलाच साखळी घेऊन तर त्याने आधी ही वाइन प्यावी.

तळघरात उजव्या हाताला, वाळूच्या पेटीत, डायमंडच्या काड्या ओल्या करून पुरल्या आहेत. मागच्या ओळीच्या छाटणीतल्या, मीच निवडल्या. त्यांना खुंट लागत नाही, कलम लागत नाही, जमिनीत खोवल्या की आपली मुळं आपण धरतात. तुझा उतार रिकामा आहे. न्यायच्या असतील तर ने. रीस्लिंगच लावायची असेल तर तीही लाव, मी काही म्हणणार नाही. म्हणेन, पण लाव. माती तुझी आहे. डोळे माझे घेऊन जा, पान ओळखायला केव्हाही बोलाव. तोडणीच्या आदल्या दिवशी मी तुझी जीभ मागायला येईन. अदलाबदल बरोबरीची झाली.

साखळी तू ट्रकमध्ये घालून आणलीस, मी बघितली. ताडपत्रीखाली झाकली होतीस. म्हणजे आपण हरणार हे तुला घरून निघतानाच माहीत होतं.

नाव धक्क्याला बांधलेली आहे, वल्ही आत आहेत. मी वरच्या ओळीत बांधणी करते आहे, उजव्या बाजूने. उठलास की तोंड धू आणि हाक मार. साखळी एकट्याने उचलू नकोस, तुझी कंबर आता पहिल्यासारखी राहिली नाही. एक टोक मी धरते.

ऑर्फी